टाइप २ मधुमेह : आतड्यातील संप्रेरके आणि जनुकांतील फरक

पेशीवेल

टाइप २ मधुमेहावर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते, पण ते बहुतेक साखर, वजन आणि इन्सुलिन यांच्याभोवतीच फिरते. आतड्याचा उल्लेख आलाच तर अन्न पचवणारा अवयव एवढाच येतो. वास्तविक आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या संप्रेरक-पेशी इतक्या आहेत की त्या सर्व मिळून शरीरातील एक मोठी अंतःस्रावी ग्रंथीच मानावी लागेल. त्या पेशींचे संदेश आणि माणसामाणसांतील जनुकीय फरक यांचा मधुमेहाशी काय संबंध आहे, यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात एका प्रयोगापासून करतो, कारण तो नीट समजला की पुढचे सारे सोपे होते. निरोगी माणसाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि पुढचे काही तास थोड्या थोड्या अंतराने रक्तातील साखर मोजून तिचा आलेख काढतात. मग वेगळ्या दिवशी त्याच माणसाला ग्लुकोज शिरेतून देतात. त्या वेळी साखर दर काही मिनिटांनी मोजून ग्लुकोज सोडण्याचा वेग असा कमीजास्त करतात की साखरेचा आलेख पहिल्या दिवसासारखा हुबेहूब उमटावा. त्यासाठी ७५ ग्रॅम लागतच नाहीत, निरोगी माणसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम पुरतात. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींपर्यंत पोहोचणारी साखर दोन्ही दिवशी सारखीच असते, तरीही ग्लुकोज तोंडावाटे दिलेल्या दिवशी इन्सुलिन कितीतरी जास्त स्रवते. हा जो जादा भाग आहे तो आतड्याने पाठवलेल्या संदेशामुळे येतो आणि त्याला इन्क्रेटिन परिणाम म्हणतात. असा फरक १९६४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवला. जेवणानंतरच्या इन्सुलिनपैकी निम्म्याहून अधिक वाटा निरोगी माणसात याच परिणामाचा असू शकतो. टाइप २ मधुमेहात तो बराच घटलेला असतो, हे मायकेल नाऊक आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले.

हा संदेश प्रामुख्याने दोन संप्रेरके नेतात. जीआयपी हे ४२ अमिनो आम्लांचे संप्रेरक लहान आतड्याच्या वरच्या भागातील के पेशी तयार करतात, तर जीएलपी-१ मुख्यतः खालच्या भागातील आणि मोठ्या आतड्यातील एल पेशींमधून येते. एल पेशीचे वरचे टोक आतड्याच्या पोकळीकडे उघडलेले असते आणि तिथे तिला अन्नातील घटकांची चाहूल लागते, तर संप्रेरकाने भरलेले सूक्ष्म कण तिच्या तळाशी, रक्तवाहिन्यांच्या बाजूला साठलेले असतात. एकदा स्रवलेले जीएलपी-१ फार काळ टिकत नाही. डीपीपी-४ नावाचे विकर त्याचे पहिले दोन अमिनो आम्लांचे टोक छाटते आणि एक-दोन मिनिटांत त्यातील निम्मे निष्प्रभ होते.

आता जनुकांकडे वळू. पेशीत संप्रेरक तयार होणे, ते स्रवणे, त्याचे विघटन होणे आणि बीटा पेशीने ते ओळखून इन्सुलिन सोडणे, या साखळीत कुठेही जनुकीय फरक पडू शकतो. सर्वसाधारण समज असा की मधुमेहात ही संप्रेरके कमी तयार होत असावीत. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर मात्र टाइप २ मधुमेहींमध्ये जीएलपी-१ चा स्राव सरसकट घटलेला आढळत नाही. मधुमेहाशी ज्यांचे नाते सर्वांत पक्के आहे ते जनुकीय फरक साखळीच्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे बीटा पेशीच्या प्रतिसादावर बोट ठेवतात, आणि मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे दहाव्या गुणसूत्रावरील टीसीएफ७एल२ हे जनुक. आइसलँडमधील संशोधकांनी २००६ मध्ये त्याचा मधुमेहाशी संबंध प्रसिद्ध केला. त्या अभ्यासात जोखमीच्या रूपाची, म्हणजे धोका वाढवणाऱ्या जनुकीय फरकाची, एक प्रत असलेले ३८ टक्के आणि दोन्ही प्रती असलेले ७ टक्के लोक होते, आणि एकही प्रत नसलेल्यांच्या तुलनेत त्यांचा सापेक्ष धोका अनुक्रमे १.४५ आणि २.४१ पट निघाला. हा फरक प्रथिनाचा आराखडा बदलत नाही. तो जनुकाच्या अशा भागात आहे जो प्रथिनात उतरतच नाही, पण जनुक किती चालावे यावर ज्याचा प्रभाव पडतो. याच जनुकाचे प्रथिन प्रोग्लुकागॉन जनुकाच्या नियंत्रणातही भाग घेते, आणि प्रोग्लुकागॉनपासूनच एल पेशीत जीएलपी-१ बनते. त्यामुळे सुरुवातीला सर्वांची अटकळ अशी होती की जोखमीचे रूप असलेल्यांमध्ये जीएलपी-१ कमी तयार होत असेल. २००७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मधुमेह नसलेल्या लोकांमध्ये हे तपासले, तेव्हा जोखमीचे रूप असलेल्यांच्या रक्तात जीएलपी-१ पुरेसे निघाले, परंतु बाहेरून जीएलपी-१ दिल्यावर त्यांच्या बीटा पेशी इन्सुलिन कमी सोडत होत्या.

यावर आपली मते, शंका आणि भर घालण्याजोगी माहिती अवश्य लिहावी.

गणितवेडा

लेख आवडला, पण २.४१ पट या आकड्याविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण असा आकडा वाचून लोक घाबरतात. सापेक्ष धोका म्हणजे त्या व्यक्तीचा एकूण धोका नव्हे. मूळ धोका कमी असेल तर अडीचपटही फार मोठा ठरत नाही, आणि मूळ धोका वय, वजन, हालचाल यांवर ठरतो.

शिवाय २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय विश्लेषणात टाइप २ मधुमेहाशी संबंधित ६११ स्थाने नोंदवली गेली. त्यांतील बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम अत्यंत अल्प आहे. टीसीएफ७एल२ सामान्यपणे आढळणाऱ्या फरकांमध्ये सर्वांत प्रभावी गणले जाते, आणि तरीही एका प्रतीमागे वाढणारा धोका दीडपटीच्या आतच राहतो. त्यामुळे एका जनुकावरून एखाद्याच्या मधुमेहाचे स्पष्टीकरण देणे धाडसाचे ठरेल.

पेशीवेल

गणितवेडा, आपला मुद्दा पूर्ण मान्य आहे. एका व्यक्तीचे भवितव्य सांगण्यासाठी अशा फरकांचा उपयोग फार थोडा आहे. त्यांचे खरे मोल रोग कसा घडतो हे उलगडण्यात आहे. जनुकीय रूप जन्मापासून ठरलेले असते आणि मधुमेह झाल्याने ते बदलत नाही, म्हणून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा गुंता सोडवायला त्याची मदत होते.

आणखी एक भर घालतो. टीसीएफ७एल२ चे जोखमीचे रूप युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळते, पण पूर्व आशियाई लोकांत ते विरळ आहे. केसीएनक्यू१ हे जनुक २००८ मध्ये जपानी संशोधकांच्या अभ्यासांतून पुढे आले. तिकडे जोखमीचे रूप पुरेसे प्रचलित असल्यामुळे ते लक्षात येणे सोपे गेले. एकाच वंशगटाचा अभ्यास करून थांबले असते, तर ही स्थाने नजरेतून निसटली असती.

सावलीतली_वाट

मी या क्षेत्रातली नाही, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटला तर समजून घ्यावे. बीटा पेशी जीएलपी-१ ला नीट दाद देत नाहीत असे आपण म्हणता. मग जीएलपी-१ सारखी इंजेक्शने मधुमेहींना लागू कशी पडतात? ज्या संदेशाकडे पेशी दुर्लक्ष करते तोच संदेश पुन्हा देऊन काय साधते?

पेशीवेल

ताई, प्रश्न अगदी मर्माचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

१९९३ मध्ये नाऊक यांच्याच गटाने टाइप २ मधुमेहींना दोन्ही संप्रेरके स्वतंत्रपणे शिरेतून दिली. जीआयपी दिल्यावर इन्सुलिन फारसे वाढले नाही. जीएलपी-१ दिल्यावर मात्र ते लक्षणीय वाढले. जीएलपी-१ चा प्रतिसाद दुबळा झालेला असतो, पण नष्ट झालेला नसतो, आणि मात्रा वाढवली तर तो पुष्कळसा परत मिळवता येतो. जेवणानंतर शरीरात आपसूक वाढणारे जीएलपी-१ आणि औषधातून मिळणारी क्रिया यांच्या पातळीत मोठे अंतर आहे. औषधे डीपीपी-४ च्या तावडीत सापडू नयेत अशी घडवलेली असतात, त्यामुळे ती मिनिटांऐवजी तासन्‌तास, काही तर आठवडाभर काम करतात. २००५ मध्ये मान्यता मिळालेले एक्सेनाटाइड हे गिला मॉन्स्टर या सरड्याच्या लाळेत सापडलेल्या पेप्टाइडवरून तयार झाले आणि त्या पेप्टाइडवर हे विकर सहजी चालत नाही.

दुसरे असे की जीएलपी-१ बीटा पेशीपुरते मर्यादित नाही. ते साखर वाढवणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक दाबते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूतील भुकेच्या केंद्रांवर परिणाम करते. बीटा पेशींची साथ थोडी कमी पडली तरी या बाकीच्या वाटा खुल्या असतात.

तिसरा_प्रहर

मी वैद्यकीय संशोधनात काम करतो. मूळ लेखातील मांडणी मला बरीचशी पटते, पण एक आक्षेप नोंदवतो. इन्क्रेटिन परिणाम घटणे हे मधुमेहाचे कारण आहे, असा सूर त्यातून निघतो. याविरुद्ध बराच पुरावा आहे.

स्वादुपिंडाच्या जुनाट दाहामुळे ज्यांना मधुमेह झाला आहे, त्यांच्यातही जीआयपीचा परिणाम हरपलेला आढळतो. त्यांच्या मधुमेहाचे मूळ पूर्णपणे वेगळे असूनही बिघाड तोच दिसतो. टाइप २ मधुमेहींच्या निरोगी सख्ख्या नातेवाइकांमध्ये इन्क्रेटिन परिणाम साधारणपणे शाबूत असतो. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे, खालावलेले नियंत्रण असलेल्या मधुमेहींना सुमारे चार आठवडे इन्सुलिन देऊन साखर सामान्यच्या जवळ आणली, तेव्हा जीआयपी आणि जीएलपी-१ या दोन्हींना मिळणारा प्रतिसाद सुधारला. बिघाड जनुकांमध्ये कोरलेला असता तर महिनाभरात तो असा मागे हटला नसता. माझ्या मते वाढलेली साखर स्वतःच बीटा पेशीला बधिर करते.

पेशीवेल

सर, आपण मांडलेला पुरावा भक्कम आहे आणि मी तो नाकारत नाही. किंबहुना मूळ लेखात हा भाग यायला हवा होता, तो आपण आणलात याबद्दल आभार.

तरीही टीसीएफ७एल२ च्या अभ्यासातील एक तपशील इथे निर्णायक वाटतो. त्यात भाग घेतलेल्या लोकांना मधुमेह नव्हता, त्यांची साखर पेशी बधिर करण्याइतकी वाढलेली नव्हती आणि तरीही जोखमीचे रूप असलेल्यांचा जीएलपी-१ ला मिळणारा प्रतिसाद कमी होता. म्हणजे या विशिष्ट जनुकाच्या बाबतीत उणीव मधुमेहाच्या आधीपासून हजर असते. डब्ल्यूएफएस१ या जनुकाच्या सामान्य रूपांबाबतही २००९ मध्ये असाच निष्कर्ष आला. याच जनुकाच्या गंभीर दोषांमुळे वुल्फ्रम सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो आणि त्यात लहान वयातच मधुमेह उद्भवतो.

माझी समजूत अशी आहे की दोन्ही प्रक्रिया एकमेकींवर चढत जातात. जन्मतः असलेली उणीव लहान असते, इतकी की तरुणपणी ती कुणाच्या लक्षातही येत नाही. वजन वाढले, इन्सुलिनची गरज वाढली, की बीटा पेशीला आपली सगळी राखीव ताकद लावावी लागते आणि त्या वेळी ती उणीव उघडी पडते. साखर चढू लागली की तुम्ही म्हणता तो बधिरपणा त्यावर येऊन बसतो. मधुमेहींच्या लँगरहॅन्सच्या बेटांची (स्वादुपिंडातील बीटा पेशींच्या पुंजक्यांची) तपासणी केली असता टीसीएफ७एल२ प्रथिन आणि त्यासोबत जीएलपी-१ व जीआयपी या दोन्हींचे रिसेप्टरही (संप्रेरकाचा संदेश टिपणारी पेशीवरील प्रथिने) घटलेले आढळले आहेत. त्यामुळे चार आठवड्यांत जो भाग सुधारतो तो साखरेने आणलेला असावा, आणि जो उरतो त्यात जनुकांचा वाटा असावा, असे मला वाटते.

तिसरा_प्रहर

ही मांडणी मला मान्य आहे. एक पुरवणी जोडतो. उपचारानंतर सुधारलेला प्रतिसाद निरोगी माणसाइतका झाला नव्हता, ही गोष्ट आपल्या म्हणण्याला पूरकच आहे. मात्र उरलेल्या तुटीत किती वाटा जनुकांचा आणि किती वाटा कायमच्या गमावलेल्या बीटा पेशींचा, हे त्या प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही.

नीरव

जीआयपीच्या रिसेप्टरविषयी लिहावे अशी विनंती आहे. तिथे मला सरळसरळ विसंगती दिसते. त्या रिसेप्टरचे काम मंदावणारे जनुकीय रूप असले तर साखर वाढायला हवी, पण वाचनात असे आले की अशा लोकांचे वजन कमी असते. मग जीआयपी चांगले की वाईट?

पेशीवेल

नीरव, ही विसंगती खरी आहे.

जीआयपीचा रिसेप्टर घडवणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. २०१० मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्याचे एक रूप ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी मोजलेल्या वाढीव साखरेशी जोडले गेले. त्या रूपाच्या लोकांमध्ये तोंडावाटे ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन कमी स्रवत होते, पण शिरेतून दिल्यावर तसा फरक दिसत नव्हता. याचा अर्थ बीटा पेशीची इन्सुलिन बनवण्याची यंत्रणा जागेवर होती, आतड्याकडून येणारा संदेशच तेवढा क्षीण पोहोचत होता. धाग्याच्या सुरुवातीला वर्णन केलेल्या प्रयोगाचे हे जनुकीय प्रतिबिंब मला फार सुंदर वाटते.

आता विसंगतीकडे येऊ. जीआयपीचे रिसेप्टर चरबीच्या ऊतीत आणि मेंदूतही असतात. त्याच रूपाचा संबंध किंचित कमी वजनाशीही आहे. पुढे २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचे वाचन झाले, तेव्हा हा रिसेप्टर निकामी करणारी दुर्मीळ रूपे ज्यांच्यात आहेत त्यांचे वजन सरासरीपेक्षा कमी असल्याचे दिसले. म्हणून एकच जनुकीय फरक एकाच माणसाला जेवणानंतरच्या साखरेत तोट्याचा आणि वजनात फायद्याचा ठरू शकतो, आणि मधुमेहाच्या एकूण धोक्यात हे दोन परिणाम एकमेकांना बरेचसे छेद देतात.

औषधांनी हे कोडे आणखी गहन केले आहे. २०२२ मध्ये मान्यता मिळालेले टिर्झेपाटाइड जीआयपी आणि जीएलपी-१ या दोन्हींचे रिसेप्टर चेतवते आणि वजन चांगलेच उतरवते. दुसरीकडे, जीआयपीचा रिसेप्टर अडवून जीएलपी-१ चा तेवढा चेतवणाऱ्या प्रायोगिक औषधानेही वजन उतरते. रिसेप्टर सतत चेतवला गेला की पेशी तो पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि परिणाम अखेर अडवल्यासारखाच होतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. ई३५४क्यू या नावाने ओळखले जाणारे रिसेप्टरचे सामान्य रूप नेमके याच बाबतीत वेगळे आहे. जीआयपीने एकदा चेतवल्यानंतर ते पुन्हा कामाला सज्ज व्हायला अधिक वेळ घेते. तरीसुद्धा या एका स्पष्टीकरणाने सर्व निरीक्षणांचा मेळ बसतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मेंदूतील जीआयपीच्या मार्गांचा अभ्यास पुढे सरकेल तसे हे उलगडत जाईल.

सावलीतली_वाट

माझ्या वडिलांना टाइप २ मधुमेह आहे. त्यांनी घरबसल्या करता येणारी जनुकीय चाचणी केली आणि अहवालात टीसीएफ७एल२ च्या जोखमीच्या रूपाच्या दोन प्रती आहेत असे आले. तेव्हापासून ते म्हणतात की आता पथ्य आणि चालणे व्यर्थ आहे, कारण हे रक्तातच आहे. त्यांना काय सांगावे? आणि या अहवालावरून औषध निवडता येते का?

पेशीवेल

ताई, वडिलांना सांगण्यासारखी गोष्ट त्यांच्या निष्कर्षाच्या अगदी उलट आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचे जनुकीय रूप तपासले होते. कोणताही सक्रिय उपचार न मिळालेल्या गटात दोन जोखमीच्या प्रती असलेल्यांना मधुमेह होण्याचे प्रमाण एकही प्रत नसलेल्यांच्या १.८ पट होते. आहार आणि व्यायामावर भर दिलेल्या गटात हाच फरक १.१५ पटीपर्यंत खाली आला आणि संख्याशास्त्रीयदृष्ट्या तो अर्थपूर्ण उरला नाही. हा अभ्यास मधुमेह होण्याआधीच्या टप्प्यावरचा आहे, हे खरे, आणि दोन गटांतील तफावतही संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला पूर्ण उतरली नव्हती. पण जोखमीच्या प्रती असलेल्यांना पथ्य आणि चालण्याचा उपयोग होत नाही, असे म्हणायला त्यात कुठेही आधार मिळत नाही.

औषधाच्या निवडीबाबत माहिती आहे, पण ती दवाखान्याच्या उंबरठ्याबाहेरच थांबलेली आहे. टीसीएफ७एल२ च्या दोन जोखमीच्या प्रती असलेल्यांमध्ये सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या अपुऱ्या पडण्याची शक्यता अधिक दिसली. लिनाग्लिप्टिन या डीपीपी-४ रोखणाऱ्या औषधाने अशा लोकांचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) इतरांपेक्षा थोडे कमी उतरले, पण जे उतरले तेही उपयुक्तच होते. कायमोट्रिप्सिन या पाचक विकराच्या जनुकांजवळील एक रूप असलेले लोक डीपीपी-४ रोखणाऱ्या औषधांना कमी दाद देतात, मात्र जीएलपी-१ च्या इंजेक्शनांवर त्याचा तसा परिणाम दिसत नाही. जीएलपी-१ च्या रिसेप्टरमधील एका सामान्य फरकाचा प्रभाव २०२३ मध्ये मोजला गेला, तेव्हा एका प्रतीमागे एचबीए१सीमध्ये ०.०८ टक्क्याच्या आसपास तफावत निघाली. एवढ्या छोट्या फरकावर औषध बदलणे योग्य होणार नाही. मूत्रपिंड, हृदय, वजन आणि रात्री साखर उतरण्याची भीती हे निकष आजही कितीतरी अधिक वजनदार आहेत, आणि त्यांचा विचार वडिलांचे डॉक्टरच करू शकतील.

सावलीतली_वाट

मनापासून आभार. मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचा भाग मी आजच त्यांना वाचून दाखवते.

तिसरा_प्रहर

जीएलपी-१ च्या रिसेप्टरविषयी एक आश्वासक गोष्ट जोडतो. त्याच रिसेप्टरचे एक कमी आढळणारे रूप उपाशीपोटीची साखर किंचित कमी ठेवते आणि मधुमेहाचा धोकाही घटवते. २०१६ मध्ये त्याचा संबंध हृदयधमन्यांच्या रोगाच्या कमी धोक्याशीही दाखवला गेला. या गटातील औषधे हृदयाला घातक नसावीत, असा विश्वास औषधांच्या चाचण्यांबरोबरच जनुकांकडूनही मिळाला.

नीरव

शेवटची शंका. संप्रेरकांच्या पातळीवरही जनुकांचा प्रभाव असतो का, की सगळा भर प्रतिसादावरच आहे? आणि वेगवेगळ्या अभ्यासांत जीएलपी-१ चे आकडे इतके वेगळे का येतात?

पेशीवेल

प्रभाव असतो. २०१७ मध्ये सुमारे ७,८०० लोकांच्या ग्लुकोज चाचणीदरम्यान ही संप्रेरके मोजून जनुकांशी त्यांची सांगड घालण्यात आली आणि सहा स्थाने सापडली. त्यांत आतड्यातून ग्लुकोज शोषणाऱ्या एसजीएलटी१ या वाहकाचे जनुक, जीआयपीच्या रिसेप्टरचे जनुक आणि रक्तगट ठरवणारे एबीओ जनुक आहे. एसजीएलटी१ चे तिथे असणे तर्काला धरून आहे, कारण ग्लुकोज त्या वाहकातून पेशीत शिरणे हाच के आणि एल पेशींसाठी स्राव सुरू करण्याचा एक प्रमुख इशारा असतो.

आकड्यांतील तफावतीला मात्र बऱ्याच अंशी मोजण्याची रीत जबाबदार आहे. रक्त नळीत घेतल्यानंतरही डीपीपी-४ आपले काम चालूच ठेवते, म्हणून नळीत त्या विकराला रोखणारे द्रव्य आधीच घालावे लागते, नमुना लगेच बर्फात ठेवावा लागतो आणि रक्तद्रव त्वरेने वेगळा करावा लागतो. काही चाचण्या अखंड संप्रेरक मोजतात, तर काही छाटलेल्या तुकड्यांसह एकूण संप्रेरक मोजतात. स्राव किती झाला हे जाणून घ्यायचे असेल तर एकूण पातळी उपयोगी, आणि बीटा पेशीपर्यंत काय पोहोचले याचा अंदाज घ्यायचा असेल तर अखंड पातळी. त्यामुळे कोणताही निष्कर्ष वाचताना त्यात यांपैकी कोणती पातळी मोजली आहे, हे आधी पाहावे.